आमच्या जिल्ह्यात साडेतीन आइसलंड बसतात

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री वाचा.

जूनमध्ये फुटबॉलचा विश्वचषक सुरू होतोय. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको असे तीन देश मिळून भरवताहेत आणि पहिल्यांदाच ४८ संघ खेळणार आहेत. आपल्या औंढ्यातल्या पोरांचे डीपी आतापासूनच बदलायला लागलेत. कुणाचा मेस्सी, कुणाचा रोनाल्डो. बसस्थानकासमोरच्या टपरीवर परवा दोन पोरं अर्जेंटिना की पोर्तुगाल यावरून अशी भांडत होती की जणू दोघांची सासुरवाडी तिकडचीच आहे. चांगलंय. खेळावरून भांडावं, जातीवरून भांडण्यापेक्षा हजारपट बरं.

पण दर चार वर्षांनी एक वाक्य ठरलेलं असतं, ते याही वेळी ऐकू येतंय. "एकशे चाळीस कोटींचा देश, अन् अकरा पोरं सापडत नाहीत!" म्हणणारा हळहळतो, ऐकणारा मान डोलावतो, विषय संपतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे वाक्यच चुकीचं आहे. सापडत नाहीत हे तेव्हा म्हणावं जेव्हा कुणी शोधायला निघालं असेल. हिंगोली जिल्ह्यात फुटबॉलपटू शोधायला कोण कधी आलं होतं, मला सांगा.

लोकसंख्येचाच हिशेब करायचा तर करू. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार ३४५. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा, पाच तालुके मिळून. आणि युरोपात आइसलंड नावाचा देश आहे, त्याची लोकसंख्या २०१६ साली साधारण ३ लाख ३० हजार होती. म्हणजे माणसांच्या हिशेबानं आपल्या जिल्ह्यात साडेतीन आइसलंड बसतात. साडेतीन शक्तिपीठांसारखं लक्षात ठेवायला सोपं.

या आइसलंडनं २०१६ च्या युरो स्पर्धेत काय केलं? पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत आले होते. पहिल्या सामन्यात पोर्तुगालला १-१ असं रोखलं, आणि पुढं तेच पोर्तुगाल ती स्पर्धा जिंकलं. मग हंगेरीशी बरोबरी, ऑस्ट्रियावर विजय. २७ जून २०१६ ला फ्रान्समधल्या नीस शहरात समोर इंग्लंड. ज्यांनी हा खेळ जगाला दिला असं म्हणतात ते. चौथ्या मिनिटाला रूनीनं पेनल्टीवर गोल केला. सगळ्यांना वाटलं, झालं आता. दोन मिनिटांत आइसलंडनं बरोबरी केली, अठराव्या मिनिटाला दुसरा गोल ठोकला आणि २-१ ही आघाडी शेवटपर्यंत सोडली नाही. इंग्लंडच्या प्रशिक्षकानं त्याच रात्री राजीनामा दिला. पुढच्या फेरीत फ्रान्सनं ५-२ नं हरवलं खरं, पण तोवर ही पोरं घराघरांत पोहोचली होती.

दोन वर्षांनी रशियात विश्वचषक. तोवर विश्वचषकात आलेल्या देशांमध्ये सगळ्यात लहान देश आइसलंडच. पहिला सामना मेस्सीच्या अर्जेंटिनाशी, १६ जून २०१८, मॉस्को. स्कोअर १-१, आणि मेस्सीची पेनल्टी गोलरक्षक हान्नेस हाल्डोरसननं अडवली. हा गोलरक्षक मूळचा फिल्म दिग्दर्शक, जाहिराती आणि गाण्यांचे व्हिडिओ काढणारा. संघाचा प्रशिक्षक हेमिर हाल्ग्रिमसन हा दातांचा डॉक्टर. चार-साडेचार हजार वस्तीच्या बेटावर त्याचा दवाखाना. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी वस्ती हो ती.

आता कुणी म्हणेल, गोष्टी छान आहेत, पण योगायोग असेल. म्हणून एक आकडा देतो. २०१२ साली हाच आइसलंड फिफाच्या क्रमवारीत १३१ व्या नंबरावर होता. भारत गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात १४२ वर होता. फार लांब नाही बघा. त्या १३१ वरून ते २०१८ च्या फेब्रुवारीत १८ वर गेले.

कसे गेले? २००० सालापासून गावोगाव छत असलेली मोठी मैदानं बांधली, कारण तिकडं वर्षातले कित्येक महिने बर्फ आणि अंधार. शाळांच्या शेजारी शंभरावर छोटी मैदानं केली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाच-सहा वर्षांच्या लेकरालाही शिकवायला परवानाधारक, पगारी प्रशिक्षक ठेवला. आपल्याकडं लहान लेकरांना कोण शिकवणार? तर ज्याला दुसरं काम नाही तो. तिकडं उलटं, पाया घालणारा माणूस सगळ्यात पक्का पाहिजे असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या पोरी तर पोरांच्या आधी पोहोचल्या, महिला संघ २००९ मध्येच युरो स्पर्धा खेळला होता.

आइसलंड श्रीमंत आहे, हे मला मान्य. आपल्या जिल्हा परिषदेनं छत असलेलं मैदान बांधावं असं मी म्हणत नाही. आपल्याकडं बर्फही पडत नाही. आठ महिने कोरडं आभाळ आणि सपाट काळी जमीन, जे त्यांना कोट्यवधी खर्चून करावं लागलं ते आपल्याला फुकट मिळालंय. शिवाय २०१८ नंतर ते पुढच्या विश्वचषकात पोहोचले नाहीत, २०२४ च्या युरोतही नाहीत. छोट्या देशाचं असंच असतं, एक चांगली पिढी निवृत्त झाली की खड्डा पडतो. पण खड्डा पडायला आधी उंच जावं लागतं ना राव.

आता भारताकडं येतो. कारण लोकांना असं वाटतं की आपण या खेळात कधी नव्हतोच. होतो. आणि त्यात आपल्या मातीचाही धागा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही.

३१ जुलै १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला. बरेच खेळाडू अनवाणी. दोन पेनल्टी हुकल्या आणि २-१ नं हरलो. त्या दिवशी आपलं औंढा, हिंगोली, अख्खा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, मुक्तिसंग्राम सुरू होता. आपण भारतात आलो त्याच्यानंतर दीड महिन्यानं, १७ सप्टेंबरला.

१९५० ला ब्राझीलच्या विश्वचषकात आपल्याला जागा मिळाली होती. आशियातले बाकी संघ मागे हटले म्हणून मिळाली, पण मिळाली. गट होता स्वीडन, इटली, पॅराग्वे. आपण गेलोच नाही. "अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून गेलो नाही" ही गोष्ट आजही व्हॉट्सअॅपवर फिरते. तेव्हाचा कर्णधार सैलेन मन्ना यांनीच पुढं सांगितलं होतं की ते कारण नव्हतं, संघटनेला विश्वचषकाचं महत्त्वच वाटलं नाही, ऑलिम्पिक म्हणजे सगळं काही असा समज होता. खर्चाचा मोठा वाटा ब्राझीलवाले उचलायला तयार होते तरी. म्हणजे नशीब दार वाजवत होतं आणि घरातले म्हणाले, नंतर या.

अनवाणी खेळण्याची किंमत १९५२ मध्ये हेलसिंकीत मोजली. युगोस्लाव्हियानं १०-१ नं धुतलं. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

आणि मग १९५६, मेलबर्न. हे जरा सावकाश वाचा.

संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे. पेशानं शाळामास्तर, हैदराबाद सिटी पोलीस संघ घडवणारे. 'मैदान' सिनेमात अजय देवगणनं केलेली भूमिका ती यांचीच. संघात हैदराबादचे खेळाडू भरपूर. आणि पुढच्या फळीत गोल मारणारा होता नेव्हिल डिसोझा, गोवन कुटुंबातला, मुंबईत खेळून मोठा झालेला. १ डिसेंबर १९५६ ला भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात ४-२ नं हरवलं आणि त्यातले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानंच मारला, नंतर आपण ४-१ हरलो. बल्गेरियाशी तिसऱ्या जागेसाठीचा सामना ३-० नं गेला. चौथे आलो. स्पर्धेत सर्वाधिक चार गोल करणाऱ्यांत नेव्हिलचं नाव.

पत्रकार म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हंगेरीनं माघार घेतल्यामुळं आपल्याला पहिल्या फेरीत पुढं चाल मिळाली होती. म्हणजे एक सामना जिंकून आपण चौथे आलो. तरी यजमानांना चार गोल मारणं हे काही कागदावरचं यश नव्हतं.

आता तारीख बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला. बरोबर एका महिन्यानं, १ डिसेंबरला, हैदराबादच्या मास्तरनं घडवलेल्या संघात मुंबईच्या पोरानं तीन गोल मारले. आपला परभणी-हिंगोलीचा भाग एका राज्यातून निघून दुसऱ्यात गेला होता, आणि भारताच्या फुटबॉलचा सगळ्यात मोठा दिवस या दोन राज्यांनी मिळून घडवला होता. दोन्हीकडं खेळ होता. आपण मधेच कोरडे राहिलो. निजामाच्या राजधानीत फुटबॉल, मुंबईत फुटबॉल, आणि मधल्या मराठवाड्यात? भारताच्या संघात खेळलेली मराठवाड्यातली किती नावं तुम्हाला आठवतात, प्रामाणिकपणे सांगा.

रहीम साहेबांबद्दल अजून दोन ओळी. हा माणूस पैशानं मोठा नव्हता, पण डोक्यानं होता. ते वेगळ्या प्रकारचे सामने भरवायचे. एका प्रकारात चेंडू पायात खेळवत पळायला बंदी, म्हणजे पास द्यावाच लागणार. दुसऱ्यात फक्त कच्च्या पायानं खेळायचं, उजवा पक्का असेल तर डाव्यानं. याला एक रुपया लागत नाही. कोणत्याही शाळेच्या पटांगणात उद्या सकाळी करता येईल. लागतो तो शिकवणारा माणूस, ज्याला आपण काय शिकवतोय हे माहीत आहे.

१९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हेच रहीम साहेब कॅन्सर घेऊन संघासोबत होते. एका भारतीय क्रीडा अधिकाऱ्याच्या भूमिकेमुळं तिथलं पब्लिक भारतावर चिडलेलं, स्टेडियम अख्खं विरोधात. डोक्याला जखम झालेला जर्नेल सिंग बचावातून पुढं येऊन खेळला. अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलच्या गोलांनी दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून सुवर्ण. ११ जून १९६३ ला रहीम साहेब गेले. यंदाचा विश्वचषकही ११ जूनलाच सुरू होतोय.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. १९६० च्या रोमनंतर ऑलिम्पिक नाही. १९६४ ला आशिया चषकात दुसरे, १९७० ला आशियाई स्पर्धेत ब्राँझ. २०२३ च्या आशिया चषकात तीन सामने, तिन्ही हरलो, एकही गोल नाही. आणि गेल्या १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर, आपल्या घरात, सिंगापूरकडून २-१ नं हरून २०२७ च्या आशिया चषकातून बाहेर. त्यानंतर ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो. पोरींचं मात्र कौतुक करा, त्यांनी थायलंडला त्यांच्या घरात हरवून यंदाच्या महिला आशिया चषकात जागा मिळवली.

आता महाराष्ट्राचं. २०१७ मध्ये १७ वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, काही सामने नवी मुंबईत. आपण यजमान म्हणून थेट प्रवेश. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो कसा पोहोचला ते महत्त्वाचं आहे. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमी-मंडळांचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर पब्लिक गर्दी करतं, पेठांमध्ये मॅचवरून अबोला धरला जातो. तिथून तो पुण्याच्या शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. म्हणजे आधी गावात खेळाची हवा, मग सरकारी निवासी प्रशिक्षण, मग देशाचा संघ. साखळी पूर्ण होती. अनिकेतमध्ये गुण होतेच, पण तसेच गुण आपल्या शिरडशहापूर किंवा जवळा बाजारच्या एखाद्या पोरात असतील तर त्याच्या साखळीची पहिली कडी कुठं आहे?

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्य सरकारनं 'मिशन वन मिलियन' केलं होतं, आठवतंय का? एका दिवसात दहा लाख विद्यार्थी फुटबॉल खेळणार. शाळांना फुटबॉल वाटले, फोटो काढले, पेपरात आले. मीही बातमी दिली होती. पुढं एका शाळेत दुसऱ्याच कामासाठी गेलो असताना विचारलं, सर, ते फुटबॉल कुठायत? सर म्हणाले, कपाटात. का? तर डेड स्टॉकला नोंद आहे, फुटला-हरवला तर जबाबदारी कुणाची. मी सरांना दोष देत नाही. ज्या व्यवस्थेत चेंडू फुटणं हा गुन्हा आणि लेकरानं न खेळणं हा गुन्हा नाही, तिथं चेंडू कपाटातच जाणार. वापरून फुटलेला फुटबॉल ही शाळेची शाबासकी मानायला पाहिजे.

दहा लाख पोरं एक दिवस खेळली, यानं काय झालं? काही नाही झालं. हळद एक दिवस पाणी देऊन येते का? लागवडीपासून उकडून वाळवेपर्यंत वर्ष जातं, हे वसमतच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मग पोरगं घडवायला एक दिवस कसा पुरेल?

आणि परवा डिसेंबरात मेस्सी येऊन गेला. १४ तारखेला वानखेडेवर. त्याच कार्यक्रमात राज्याच्या 'प्रोजेक्ट महादेवा' योजनेतल्या मुलांना त्याच्यासमोर आणलं. १३ वर्षांखालची ३० मुलं, ३० मुली निवडून पाच वर्षं शिष्यवृत्ती. योजना वाईट नाही. एका दिवसाच्या मिशनपेक्षा पाच वर्षांची शिष्यवृत्ती कधीही बरी, हे मोकळ्या मनानं म्हणतो. नावही महादेवाचं, आणि आमचं तर गावच महादेवाचं, नागनाथाचं. पण साठ म्हणजे किती? ३६ जिल्ह्यांत वाटले तर जिल्ह्याला दोनही येत नाहीत. आणि निवड चाचणीला पोरगं कधी चमकेल? ज्यानं आधी चार वर्षं कुठंतरी धड खेळलंय तेच. ज्याच्या शाळेतला चेंडू कपाटात आहे त्याला चाचणीत मुंबई-कोल्हापूरच्या पोरासमोर उभं करणं म्हणजे पोहायला न शिकवता सिद्धेश्वर धरणात ढकलण्यासारखं आहे.

आपल्या तालुक्यात दुधाळ्याजवळ लिगो प्रयोगशाळा होतेय. अवकाशातून येणारे अतिसूक्ष्म तरंग मोजणारी, जगात मोजक्या ठिकाणी असलेली. अभिमानाची गोष्ट आहे. तेवढ्या मोठ्या कामाला जागा मिळते, मोजणी होते, हद्द ठरते. मग गावातल्या खेळाच्या मैदानाची हद्द का ठरत नाही? शाळेचं पटांगण लग्नाला, सभेला, पार्किंगला, खळ्याला चालतं. एकदा का मुरूम-गिट्टीचा ढीग पडला की वर्षभर हलत नाही. पोरगं खेळायला लागलं की मात्र कुणीतरी ओरडतं, "काच फुटंल रे!"

पोरींचं तर विचारूच नका. सातवीनंतर मैदानावर पोरगी दिसली तर गावाच्या नजरा तिच्यावर. आठवड्यात एक दिवस पटांगण फक्त मुलींसाठी ठेवलं तर कुणाचं काय जातं?

मला स्वप्नं विकायची नाहीत. औंढ्याचा पोरगा २०३४ चा विश्वचषक खेळेल वगैरे लिहून लाइक मिळवणं सोपं आहे. बहुतेक पोरं भारताकडून खेळणार नाहीत, आइसलंडमध्येही सगळी खेळत नाहीत. पण तिथं प्रत्येक पोराला निदान नीट शिकवणारा माणूस भेटतो. आपल्या बहुतेक जिल्हा परिषद शाळांत क्रीडा शिक्षकच नाही. फुटबॉल महासंघाचा सुरुवातीच्या पातळीचा प्रशिक्षक कोर्स काही दिवसांचा असतो. पोलीस भरतीची तयारी करणारी, रोज पहाटे पाचला रोडवर पळणारी शेकडो पोरं आपल्याकडं आहेत. त्यातल्या दोघा-चौघांना ग्रामपंचायतीनं, एखाद्या पतसंस्थेनं खर्च देऊन हा कोर्स करायला पाठवलं आणि महिना थोडं मानधन दिलं, तर तालुक्याला चार प्रशिक्षक मिळतात. गणेशोत्सवाच्या एका डीजेच्या बिलात हे बसतं.

१ मेला ग्रामसभा आहे. जिल्ह्याचा वाढदिवसही त्याच दिवशी, १९९९ ला आपण परभणीतून वेगळे झालो. त्या ग्रामसभेत दोन विषय लेखी द्या. एक, शाळेच्या किंवा गावच्या मैदानाची मोजणी करून हद्द कायम करा आणि संध्याकाळी पाच ते सात ते खेळासाठी मोकळं ठेवा. दोन, गावातल्या एका मुलाला किंवा मुलीला प्रशिक्षक कोर्सला पाठवायचा ठराव घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक आहेत त्यांनी मुख्याध्यापकांना कपाट उघडायला सांगा, आणि फुटलेल्या चेंडूची जबाबदारी समिती घेईल असं लिहून द्या.

अर्जाचा नमुना पाहिजे असेल तर इनबॉक्समध्ये "मैदान" एवढंच लिहा, पाठवतो. ज्या गावात ठराव होईल त्यांनी ठरावाची प्रत आणि मैदानाचा फोटो पाठवा. गावाच्या नावासकट बातमी लावतो.